१८६९ चे सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज: पहिला उघड पगारी बेसबॉल संघ आणि त्याचे दहा खेळाडू

प्रश्नकर्त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेतील सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा पहिला व्यावसायिक बेसबॉल संघ होता, हे विधान कितपत खरे आहे? तो संघ एकही सामना न हरता किती काळ खेळला? आणि आजचा सिनसिनाटी रेड्स हा त्याचाच वारस मानायचा काय? पहिले विधान एका अटीसह खरे आहे, दुसऱ्याचे उत्तर सामने कसे मोजायचे यावर ठरते आणि तिसऱ्याचे उत्तर नाही असे आहे. बेसबॉलचे स्कोअरिंग शिकवण्याचे आणि एकोणिसाव्या शतकातील धावफलक वाचण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की या संघाचे मोठेपण त्याच्या विजयमालिकेपेक्षा त्याच्या करारांत, सरावात आणि जमाखर्चात अधिक आहे. म्हणून उत्तर थोडे मागून सुरू करतो.

१८५७ मध्ये न्यूयॉर्क परिसरातील क्लबांनी एकत्र येऊन बेसबॉल खेळाडूंची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. खेळाचे नियम ठरवणे हे तिचे मुख्य काम होते आणि खेळाडूने पैसे घेऊ नयेत ही तिची भूमिका होती. क्लब म्हणजे कारकून, व्यापारी, वकील अशा मंडळींचे संध्याकाळी एकत्र येण्याचे ठिकाण, आणि सामना म्हणजे दोन क्लबांमधला स्नेहसंबंध, अशी ती कल्पना होती. प्रेक्षक तिकीट काढून मैदानात येऊ लागले आणि सामन्यांवर पैजा लागू लागल्या, तेव्हा ही कल्पना कागदावरच उरली. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबचा पिचर (चेंडू टाकणारा) जिम क्रायटन याला १८६० च्या सुमारास गुपचूप मोबदला मिळत होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे काही क्लबांनी खेळाडूंना नावापुरत्या नोकऱ्या देण्यास सुरुवात केली. वॉशिंग्टनच्या नॅशनल्स क्लबने १८६७ मध्ये जॉर्ज राइट या तरुणाला आणले तेव्हा त्याची नोंद सरकारी कारकून अशी केली होती; त्याच्या कचेरीचा जो पत्ता दिला होता, तिथे प्रत्यक्षात सार्वजनिक बाग होती. चांगला खेळाडू हंगामाच्या मध्यावर एक क्लब सोडून जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्या क्लबात जाई. करार लेखी नसल्यामुळे त्याला जाब विचारायला कोणाकडेच आधार नव्हता.

अखेर डिसेंबर १८६८ मध्ये संघटनेने वस्तुस्थिती मान्य केली आणि व्यावसायिक खेळाडूंचा वेगळा वर्ग अधिकृत ठरवला. १८६९ च्या हंगामासाठी सिनसिनाटीसह सुमारे डझनभर क्लबांनी आपण व्यावसायिक असल्याचे जाहीर केले. त्यामुळे पैसे घेऊन खेळणारा पहिला संघ हा मान सिनसिनाटीचा नाही. त्यांचे वेगळेपण असे की त्यांनी पहिल्या फळीच्या सर्व खेळाडूंना संपूर्ण हंगामासाठी ठरीव पगारावर, लेखी कराराने बांधले आणि ही गोष्ट लपवली नाही. इतर बऱ्याच क्लबांत काहींना पगार, काहींना तिकीटविक्रीतील वाटा आणि काहींना काहीच नाही अशी सरमिसळ होती. पहिला उघडपणे संपूर्ण पगारी संघ, असे म्हटले तर विधान अचूक होते.

सिनसिनाटीसारख्या गावाला हे का सुचले, हा मला सर्वांत रंजक वाटणारा भाग आहे. ओहायो नदीवरचे हे शहर तेव्हा डुकराच्या मांसाच्या व्यापारासाठी ओळखले जाई, आणि शिकागो रेल्वेमुळे त्याला झपाट्याने मागे टाकत होते. शहराचे नाव पूर्वेकडील वर्तमानपत्रांत झळकावे, अशी तिथल्या वकिलांची आणि व्यापाऱ्यांची तळमळ होती. १८६६ च्या उन्हाळ्यात एका वकिली कचेरीत सिनसिनाटी बेसबॉल क्लबची स्थापना झाली. पुढे वकील अ‍ॅरन चॅम्पियन त्याचा अध्यक्ष झाला. क्लबने युनियन क्रिकेट क्लबबरोबर मैदान वाटून घेतले आणि भागभांडवल उभारून तिथे कुंपण, प्रेक्षागृह आणि क्लबची इमारत बांधली. १८६७ च्या उन्हाळ्यात दौऱ्यावर आलेल्या त्याच वॉशिंग्टन नॅशनल्सनी त्यांना ५३-१० असे हरवले. गावकऱ्यांसमोर झालेल्या या पराभवामुळे चॅम्पियनच्या मनाने घेतले की स्थानिक हौशी खेळाडूंवर भागणार नाही. १८६८ मध्ये काही पगारी खेळाडू आले आणि १८६९ साठी संपूर्ण संघच पगारी करायचे ठरले.

हा संघ घडवणारा माणूस मुळात क्रिकेटपटू होता, ही गोष्ट मराठी वाचकांना विशेष वाटावी. हॅरी राइटचा जन्म १८३५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे झाला. त्याचे वडील सॅम्युअल राइट न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे व्यावसायिक खेळाडू आणि मैदानाचे काळजीवाहू होते. हॅरी त्याच मैदानावर वाढला, टिफनी या जवाहिऱ्यांकडे उमेदवारी करून कारागिरी शिकला आणि १८५८ पासून निकरबॉकर क्लबात बेसबॉलही खेळू लागला. १८६५ मध्ये युनियन क्रिकेट क्लबने त्याला वर्षाला १,२०० डॉलर पगार देऊन सिनसिनाटीला नेले ते क्रिकेट शिकवण्यासाठी. दोन वर्षांत गावाचा कल बेसबॉलकडे वळला आणि त्याच पगारावर हॅरीने बेसबॉलची जबाबदारी घेतली. म्हणजे खेळाडू हा पगारी माणूस असू शकतो आणि तरीही सभ्य असू शकतो, ही इंग्लिश क्रिकेटमधली जुनी कल्पना त्याला घरातूनच मिळाली होती. अमेरिकन बेसबॉलच्या चालकांना ज्या गोष्टीची लाज वाटत होती, ती त्याच्या वडिलांची रोजची उपजीविका होती.

आता दहा खेळाडू पाहू. करार १५ मार्च ते १५ नोव्हेंबर असा आठ महिन्यांचा होता. सर्वाधिक पगार, १,४०० डॉलर, हॅरीचा बारा वर्षांनी धाकटा भाऊ जॉर्ज राइट याचा. तो शॉर्टस्टॉपच्या जागी (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावताना गाठायच्या ठाण्यांच्या, मध्ये) खेळे आणि त्या पिढीतला सर्वोत्तम खेळाडू होता, याबद्दल त्याचे प्रतिस्पर्धीही वाद घालत नसत. स्वतः हॅरी कर्णधार, व्यवस्थापक आणि सेंटर फील्डर. त्याचे १,२०० डॉलर. पिचर एसा ब्रेनर्डला १,१०० आणि थर्ड बेसवरील फ्रेड वॉटरमनला १,००० मिळत; हे दोघेही न्यूयॉर्क-ब्रुकलिनच्या क्लबांतून आलेले आणि नोंदीत विम्याच्या धंद्यातले. त्यानंतर ८०० डॉलरचे पाच जण: फर्स्ट बेसवर चार्ली गूल्ड, सेकंड बेसवर चार्ली स्वीझी, लेफ्ट फील्डला अँडी लेनर्ड, राइट फील्डला कॅल मक्वे आणि कॅचर (फलंदाजामागे चेंडू पकडणारा) डग अ‍ॅलिसन. राखीव खेळाडू डिक हर्ली याला ६००. एकूण पगार ९,३०० डॉलर. त्यांच्यातील बहुतेकांना हा पगार चांगल्या कारागिराच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त होता.

या यादीत सिनसिनाटीत जन्मलेला माणूस एकच, चार्ली गूल्ड. तो व्यवसायाने जमाखर्च लिहिणारा होता, उंच होता आणि त्याच्याकडे फेकलेला चेंडू सहसा निसटत नसे. स्वीझी आणि लेनर्ड न्यू जर्सीचे टोपी बनवणारे. लेनर्डचा जन्म आयर्लंडचा. हे दोघे आणि हर्ली आधीच्या वर्षी सिनसिनाटीच्याच बकाय या प्रतिस्पर्धी क्लबात खेळत होते, म्हणजे चॅम्पियनने गावातील स्पर्धाही याच करारांनी मोडून काढली. अ‍ॅलिसन फिलाडेल्फियाजवळचा, संगमरवर घडवणारा. मक्वे इंडियानापोलिसमधून आलेला, पियानो बनवण्याच्या कामातला, हंगाम सुरू झाला तेव्हा अवघा १९ वर्षांचा. यावरून एक गोष्ट दिसते: बेसबॉल हा बाबूलोकांचा विरंगुळा होता ते दिवस संपले होते आणि हाताने काम करणारे तरुण आता त्याच हातांचे वेगळे मोल मागत होते.

लाल मोजे हे या संघाचे नाव आणि ओळख कशी झाली, हेही सांगितले पाहिजे. क्लबचा एक चालक जॉर्ज एलार्ड क्रीडासाहित्याचा व्यापारी होता. तोपर्यंत खेळाडू घोट्यापर्यंत लांब विजारी घालत. एलार्डने गुडघ्याखाली संपणारी तोकडी विजार आणि तिच्याखाली भडक लाल लोकरी मोजे असा पोशाख ठरवला, आणि बर्था बर्ट्राम या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तो शिवला. पाय उघडे दाखवणारा हा वेश काही लोकांना तेव्हा असभ्य वाटला. धावायला मात्र तो सोपा होता, आणि दूरच्या प्रेक्षकाला संघ लगेच ओळखू येई. पुढे साऱ्या बेसबॉलने हाच पोशाख उचलला.

त्या काळचा खेळ डोळ्यांसमोर आणायचा असेल तर आजच्या बऱ्याच गोष्टी काढून टाकाव्या लागतील. पिचर ४५ फुटांवरून, हात खांद्यावर न नेता, खालून चेंडू टाकत असे. कोणाच्याही हातात ग्लव्ह नसे. अ‍ॅलिसनने १८७० मध्ये फुटलेल्या हातांना आधार म्हणून मऊ कातड्याचा हातमोजा वापरल्याची बातमी छापून आली, आणि ग्लव्हच्या वापराच्या सर्वांत जुन्या नोंदींत तिची गणना होते. फाउल, म्हणजे हद्दरेषेबाहेर, गेलेला चेंडू एका टप्प्यानंतर पकडला तरी फलंदाज बाद होई. अशा खेळात क्षेत्ररक्षण कच्चे असले की धावांचा पाऊस पडे, आणि ४०-५० धावांचे धावफलक नेहमीचे होते. हॅरीने नेमके तिथे काम केले. त्याने रोजचा सराव ठरवला, कोणाच्या मागे कोणी आधाराला धावायचे हे शिकवले, झेल कोणाचा हे हाक मारून ठरवण्याची शिस्त लावली आणि फलंदाजानुसार क्षेत्ररक्षक हलवले. ब्रेनर्डच्या वेगवान चेंडूंना फलंदाज सरावले की हॅरी सेंटर फील्डमधून येऊन स्वतः अतिशय संथ, फसवे चेंडू टाकी. क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलतात तोच विचार त्याने इथे आणला होता. सामने ठरवणे, तिकिटांतील वाटा ठरवणे, रेल्वे आणि हॉटेलांची व्यवस्था, बॅट-चेंडूंची खरेदी, मैदानाची निगा हे सगळे त्याच्याच हातात होते. त्याच्या वह्या आणि हिशेब आज न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. बेसबॉलचा मॅनेजर ही भूमिका मला तरी सर्वप्रथम या माणसात पूर्ण आकाराला आलेली दिसते.

हंगामाचा पहिला सामना ४ मे १८६९ रोजी झाला आणि त्यांनी गावातल्याच ग्रेट वेस्टर्न क्लबला ४५-९ असे हरवले. मेअखेर संघ पूर्वेकडे निघाला. तेथील क्लब आजवर बेसबॉलचे मालक समजले जात. १५ जून रोजी ब्रुकलिनमध्ये न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्सविरुद्धचा सामना त्यांनी ४-२ असा जिंकला. त्या काळात इतका कमी धावांचा सामना जवळजवळ अशक्य मानला जाई. क्षेत्ररक्षण धावा रोखू शकते आणि रोखलेल्या धावा पाहायलाही लोक श्वास धरून बसतात, हे या एका सामन्याने दाखवून दिले. इकडे सिनसिनाटीत गिब्सन हाउस हॉटेलसमोर तारेची वाट पाहत मोठा जमाव उभा होता. निकाल कळताच आतषबाजी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रुकलिनच्या अटलांटिक्सना ३२-१० असे हरवले. हॅरी मिलर हा सिनसिनाटीचा वार्ताहर संघाबरोबर प्रवास करून रोजच्या रोज बातम्या पाठवत होता, आणि वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी संघाची भेट घेतली. १ जुलैला संघ परतला तेव्हा मिरवणूक निघाली, मेजवानी झाली आणि एका लाकूड कंपनीने २७ फूट लांबीची बॅट भेट दिली. त्या मेजवानीत चॅम्पियनने सांगितले की देशाचे अध्यक्षपद आणि या क्लबचे अध्यक्षपद यांत निवड करायची झाली तर आपण क्लबच निवडू. हे शब्द त्याने मनापासून उच्चारले होते, यात मला शंका नाही.

आता विजयमालिकेचा हिशेब. संघटनेच्या सदस्य क्लबांविरुद्धचे सामने धरले तर १८६९ मध्ये ५७ विजय आणि एकही पराभव नाही, ही संख्या सर्वसाधारणपणे स्वीकारली जाते. सराव सामने आणि बिगरसदस्य संघ धरले की आकडा साठीच्या पुढे जातो. घोळ आणखी एका सामन्याने वाढतो. ऑगस्टच्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉयजवळचा, हेमेकर्स या नावाने ओळखला जाणारा संघ सिनसिनाटीला आला. १७-१७ अशी बरोबरी असताना मक्वेचा एक फाउल चेंडू झेलला की नाही यावर वाद झाला, पंचांनी सिनसिनाटीच्या बाजूने निर्णय दिला आणि हेमेकर्सच्या अध्यक्षाने आपला संघ मैदानाबाहेर नेला. या संघाचा आश्रयदाता जॉन मॉरिसी हा माजी मुष्टियोद्धा, जुगारघरांचा मालक आणि तेव्हाचा अमेरिकी काँग्रेसचा (संसदेचा) सदस्य होता. हेमेकर्सवर मोठ्या रकमा लागलेल्या असल्यामुळे पराभव टाळण्यासाठीच हा वाद उकरून काढला, असे तेव्हाच उघडपणे बोलले गेले. पंचांनी सामना सिनसिनाटीला दिला, तरी काही नोंदी त्याला बरोबरी म्हणतात. माझ्या शिकवण्यात मी तो विजय धरतो, कारण पंचाचा निर्णय न मानता मैदान सोडणाऱ्या संघाला बरोबरीचे श्रेय देणे स्कोअरिंगच्या कोणत्याही तत्त्वात बसत नाही.

त्याच वर्षी १० मे रोजी अमेरिकेची आरपार रेल्वे पूर्ण झाली होती. सप्टेंबरमध्ये रेड स्टॉकिंग्ज त्याच मार्गाने कॅलिफोर्नियाला गेले. रूळ पडून चार-पाच महिने होत नाहीत तोच एक बेसबॉल संघ देश ओलांडतो, यातून हॅरीच्या व्यवस्थेची कल्पना यावी. सॅन फ्रान्सिस्कोतील सामने एकतर्फी झाले. ईगल क्लबला त्यांनी ३५-४ असे हरवले. तिथे सहाव्या इनिंगनंतर दहा मिनिटे खेळ थांबवण्याची पद्धत हॅरीच्या नजरेत भरली, आणि लोकांनी दारूच्या दुकानाकडे वळावे हाच तिचा हेतू आहे, असे त्याने लिहिले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सिनसिनाटीत पुन्हा म्युच्युअल्सना १७-८ हरवून हंगाम संपला. वर्षभरात संघाने सुमारे १२,००० मैल प्रवास केला आणि सुमारे दोन लाख लोकांनी त्याचे सामने पाहिले, असे त्या वेळचे अंदाज आहेत. जॉर्जच्या नावावर ५७ सामन्यांत ४९ होम रन (एकाच फटक्यावर सगळे बेस धावून पूर्ण केलेली धाव) आणि ३३९ धावांची नोंद आहे. मोकळ्या मैदानांवर क्षेत्ररक्षकांच्या मागे गेलेला चेंडू लांबवर घरंगळत जाई, म्हणून या होम रनची तुलना आजच्या होम रनशी करू नये. तरी बरोबरीच्या खेळाडूंमध्ये तो किती पुढे होता, हे त्यातून कळते.

आणि इतके सगळे करून नफा किती झाला? जमा २९,७२६ डॉलर २६ सेंट, खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट. शिल्लक एक डॉलर ३९ सेंट. हा आकडा लोक गमतीने सांगतात, मला तो या संघाच्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. एकही सामना न हरलेला, देशभर गर्दी खेचलेला संघ जेमतेम खर्च भागवतो, तेव्हा एक पराभव झाला तर काय होईल हे त्या ताळेबंदातच लिहिलेले होते.

तो पराभव १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या कॅपिटोलिन ग्राउंड्सवर झाला. तिकीट नेहमीच्या दुप्पट, ५० सेंट. गर्दीचे अंदाज ९,००० पासून २०,००० पर्यंत. सिनसिनाटीने तीन इनिंगनंतर ३-० आघाडी घेतली, सहाव्याअखेर अटलांटिक्स ४-३ पुढे गेले आणि नऊ इनिंग संपल्या तेव्हा ५-५ अशी बरोबरी होती. अटलांटिक्सचा कर्णधार बॉब फर्ग्युसन बरोबरीवर समाधानी होता. त्याचे खेळाडू मैदान सोडू लागले, लोक आत शिरले. नियम असा होता की दोन्ही कर्णधार राजी असतील तरच बरोबरी मानावी. नियमांचे जाणकार पत्रकार हेन्री चॅडविक तिथेच होते. त्यांनीही तेच सांगितले. हॅरी राजी झाला नाही. बरोबरी मान्य केली असती तर संघ अपराजितच राहिला असता. तरी त्याने खेळ पुढे चालू ठेवायला लावला, आणि हा निर्णय मला त्याच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत सुंदर निर्णय वाटतो.

दहाव्या इनिंगमध्ये अटलांटिक्सचे दोन खेळाडू बेसवर असताना जॉर्जने एक सोपा उंच झेल मुद्दाम खाली पडू दिला आणि बेस सोडावे की नाही या संभ्रमात पडलेल्या दोघांना लागोपाठ बाद करवले. बेसबॉलमध्ये आज असलेला इनफिल्ड फ्लाय नियम (अशा सोप्या झेलावर फलंदाजाला आपोआप बाद ठरवणारा) याच युक्तीला आळा घालण्यासाठी पुढे झाला. अकराव्यात सिनसिनाटीने दोन धावा काढल्या, ७-५. मग अटलांटिक्सच्या जो स्टार्टने मारलेला चेंडू राइट फील्डच्या गर्दीत गेला. तो उचलायला वाकलेल्या मक्वेच्या पाठीवर एक प्रेक्षक चढला, असे सांगतात. एक धाव झाली आणि स्टार्ट थर्ड बेसवर पोहोचला. फर्ग्युसन नेहमी उजव्या हाताने खेळे, पण चेंडू जॉर्जकडे जाऊ नये म्हणून तो या वेळी डाव्या हाताने उभा राहिला. दोन्ही हातांनी फलंदाजी करण्याची ही सर्वांत जुनी प्रसिद्ध नोंद. त्याच्या फटक्यावर स्टार्ट घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागी परत, आला, ७-७. पुढचा फलंदाज झेटलाइन याचा चेंडू गूल्डच्या हातून निसटला आणि घाईत त्याने सेकंड बेसकडे केलेली फेक स्वीझीला न मिळता आउटफिल्डमध्ये गेली. फर्ग्युसन धावत घरी आला. ८-७. ज्या गूल्डच्या हातून चेंडू सहसा निसटत नसे, त्याच्याच चुकीने किमान ८१ विजयांची मालिका संपली. चॅम्पियनने गावी तार केली: हा आजवरचा सर्वांत उत्तम सामना झाला, मुले शौर्याने खेळली, दैव विरुद्ध होते, आपण हरलो पण आपली मान खाली गेली नाही. हॉटेलच्या खोलीत तो रडला, असे त्या वेळच्या वृत्तान्तांत आहे.

१८७० मध्ये संघ एकूण सहाच सामने हरला, पण गर्दी घटली. अजिंक्य संघ पाहायला येणारे लोक चांगल्या संघासाठी तितक्या संख्येने येईनात. खेळाडूंची पगाराची मागणी वाढत होती, काहींचे मद्यपान आणि बेशिस्त वर्तन चर्चेचा विषय झाले होते, आणि भागधारकांच्या हाती काही पडत नव्हते. ऑगस्टमध्ये चॅम्पियन अध्यक्षपदावरून दूर झाला. नोव्हेंबर १८७० मध्ये नव्या अध्यक्षांनी परिपत्रक काढून कळवले की खर्च न परवडणारा असल्यामुळे पुढील वर्षी क्लब व्यावसायिक खेळाडू ठेवणार नाही. पहिला पगारी संघ दोन हंगामांत असा संपला.

इथे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. संघ मोडताच बॉस्टनच्या आयव्हर्स अ‍ॅडम्स या उद्योजकाने राइट बंधू, गूल्ड आणि मक्वे यांना आपल्या नव्या क्लबसाठी नेले. हॅरीने आपल्याबरोबर लाल मोजे आणि नावही नेले. ब्रेनर्ड, वॉटरमन, स्वीझी, लेनर्ड आणि अ‍ॅलिसन वॉशिंग्टनच्या ऑलिंपिक क्लबकडे गेले. मार्च १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिली संपूर्ण व्यावसायिक संघटना स्थापन झाली, आणि बॉस्टन रेड स्टॉकिंग्जनी १८७२ ते १८७५ अशी सलग चार वर्षे तिचे विजेतेपद मिळवले. शेवटच्या वर्षी ७१ विजय आणि अवघे ८ पराभव. हाच क्लब पुढे बॉस्टन ब्रेव्हज झाला, १९५३ मध्ये मिलवॉकीला आणि १९६६ मध्ये अटलांटाला गेला. म्हणजे हॅरी राइटच्या संघाची अखंड परंपरा शोधायची तर ती अटलांटा ब्रेव्हजपर्यंत पोहोचते. आजच्या बॉस्टन रेड सॉक्सशी तिचा संबंध नाही. तो क्लब १९०१ चा.

सिनसिनाटीत नॅशनल लीग या व्यावसायिक क्लबांच्या संघटनेचा नवा क्लब १८७६ मध्ये आला. गूल्ड त्याचा व्यवस्थापक होता, आणि ९ विजय, ५६ पराभव अशी त्याची दयनीय कामगिरी झाली. १८८० च्या हंगामानंतर मैदानात बिअर विकल्याबद्दल आणि रविवारी मैदान भाड्याने दिल्याबद्दल लीगने त्या क्लबला काढून टाकले. आजचा रेड्स क्लब १८८२ मध्ये दुसऱ्या संघटनेत सुरू झाला आणि १८९० मध्ये नॅशनल लीगमध्ये आला. गाव तेच, रंग तोच, अभिमानही तोच. पण क्लब तीन वेगवेगळे. रेड्स १८६९ चा वारसा मिरवतात याला माझी हरकत नाही, कारण आठवण ही गावाचीही असते. नोंदवहीत मात्र हे तीन क्लब वेगळेच लिहावेत.

खेळाडूंचे पुढे काय झाले, हे विचारले नसले तरी लिहितो. ज्यांनी हा पेशा निर्माण केला, त्यांच्यातील बहुतेकांना त्या पेशाने म्हातारपणी सांभाळले नाही. ब्रेनर्ड १८८८ मध्ये डेन्व्हरला वारला. वॉटरमन १८९९ मध्ये सिनसिनाटीतच गरिबीत गेला. मक्वेने शिकागोच्या संघाबरोबर १८७६ चे पहिले नॅशनल लीग विजेतेपद मिळवले, नंतर कॅलिफोर्नियात स्थायिक झाला आणि १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हलाखीत सापडला. तो १९२६ मध्ये वारला. लेनर्डने बॉस्टनला अनेक चांगले हंगाम दिले. अ‍ॅलिसनला वॉशिंग्टनमध्ये सरकारी नोकरी मिळाली.

राइट बंधूंचे मात्र चांगले झाले. हॅरीने १८७४ मध्ये बॉस्टन आणि फिलाडेल्फियाचे संघ इंग्लंडला नेले. तिथे बेसबॉलचे प्रदर्शन तर केलेच, पण लॉर्ड्ससह अनेक मैदानांवर क्रिकेटही खेळले. यजमानांच्या अकरा-बारांसमोर अमेरिकनांना अठरा खेळाडू उतरवण्याची मुभा होती, हे लक्षात घेऊनही एकही क्रिकेट सामना न हरता परतणे ही साधी गोष्ट नव्हती. १८९३ पर्यंत तो व्यवस्थापक होता आणि १८९५ मध्ये वारला. जॉर्ज २२ एप्रिल १८७६ रोजी नॅशनल लीगच्या पहिल्या सामन्यातला पहिला फलंदाज ठरला. १८७९ मध्ये प्रॉव्हिडन्सचा व्यवस्थापक म्हणून त्याने थोरल्या भावाच्याच बॉस्टनला मागे टाकून विजेतेपद घेतले. राइट अँड डिट्सन ही त्याची क्रीडासाहित्याची कंपनी भरभराटीला आली, आणि त्याचा मुलगा बील्स याने १९०४ च्या ऑलिंपिकमध्ये टेनिसचे सुवर्णपदक मिळवले. १८८८-८९ मध्ये अल्बर्ट स्पॉल्डिंगने दोन बेसबॉल संघ जगप्रवासाला नेले तेव्हा क्रिकेटचा मार्गदर्शक म्हणून जॉर्ज बरोबर होता. त्या प्रवासात भारतात उतरण्याचा बेत रद्द झाला आणि संघ कोलंबोला खेळून पुढे इजिप्तकडे गेला, त्यामुळे रेड स्टॉकिंग्जपैकी कोणाचा खेळ आपल्या किनाऱ्यावर दिसायचा राहून गेला. जॉर्ज १९३७ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी वारला. त्याच वर्षी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात) त्याची निवड झाली. हॅरीची निवड व्हायला मात्र १९५३ साल उजाडावे लागले.